कॅन्सरच्या औषधासोबत मराठीत माहितीचा कागद द्या

संपादक साहेब, नमस्कार.

माझ्या आत्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय, नाशिकमध्येच केमो चालू आहे आणि सोबत बेव्हॅसिझुमॅबचं सलाईन. हे औषध नेमकं काय करतं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, मग ती व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडते आणि जवळच्या रक्तवाहिन्यांना फाटे फुटून ते तिच्याकडे वाढत जातात, द्राक्षबागेत ठिबकची नवीन नळी ओढतात ना तसं. बेव्हॅसिझुमॅब ते प्रोटीनच धरून ठेवतं, मग नवीन फाटे फुटत नाहीत. गाठीचा रक्तपुरवठाच रोखायची कल्पना अमेरिकेतल्या डॉ. ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडली, औषधाला तिथे मंजुरी मिळाली थेट २००४ मध्ये!

पण हेच प्रोटीन आपल्या चांगल्या रक्तवाहिन्यांनाही लागतं, त्यामुळे बीपी चढतं, लघवीतून प्रोटीन जातं, जखम लवकर भरत नाही, मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर साधारण चार आठवडे आधी हे औषध बंद ठेवतात. आत्याचं डोकं ठणकत होतं तर सगळे म्हणाले ऊन लागलं, शेजारच्यांचं मशीन आणून बघितलं तर वरचा आकडा १८० च्या पुढे. आणि त्याच आठवड्यात ती दाढ काढायला निघाली होती!

माझी कळकळीची विनंती आहे, शहरातल्या सगळ्या केमो सेंटरनी पहिल्या सलाईनलाच मराठीत छापलेला एक कागद हातात द्यावा. घरी बीपी मोजा, दात काढण्याआधी विचारा, रक्त पडलं किंवा छातीत दुखलं तर लगेच या, एवढं लिहिलं तरी पुष्कळ आहे.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक