मिलब्रुकवरचं आकाश

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की साउथॅम्प्टनला मिलब्रुक भागात खोली मिळाली, आणि मी एकदम गप्प झालो. तुला वाटलं रेंज गेली. रेंज होती. मिलब्रुक हे नाव मी पंधरा वर्षं मनात धरून बसलोय, आणि माझी लेक तिथंच राहायला जाईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. फोनवर हे सांगणं जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

16 ऑगस्ट 1940, दुसरं महायुद्ध. तुझ्या त्या गावावर जर्मन विमानं आली होती. जेम्स निकोल्सन नावाचा 23 वर्षांचा फ्लाइट लेफ्टनंट बॉस्कम डाउनच्या तळावरून हरिकेन हे लढाऊ विमान घेऊन निघाला होता, 249 स्क्वाड्रन या तुकडीतून. बायको म्युरिएल तिकडं यॉर्कशायरमध्ये, पोटुशी. पाठीमागून अचानक मारा झाला आणि तोफेचे चार गोळे त्याच्या विमानात शिरले. एकानं डोळ्याची पापणी फाडली, एकानं पाय जखमी केला, आणि एकानं पेट्रोलची टाकी पेटवली.

आता ही टाकी कुठं असते ते बघ. हरिकेनची एक टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच, इंजिन आणि त्याच्यामध्ये. म्हणजे ती पेटली की आग सरळ मांडीवर. आम्ही ओतकामाच्या भट्टीवरची माणसं, आम्हाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

तो उडी मारायला उठलाच होता. तेवढ्यात समोर एक मेसरश्मिट 110, जर्मन लढाऊ विमान, आलं. तो परत खाली बसला. त्या जळत्या खुर्चीत बसून त्यानं गोळ्या झाडल्या. थ्रॉटलवर, म्हणजे वेगाच्या दांड्यावर, ठेवलेल्या डाव्या हाताची कातडी सुटताना आपण बघत होतो, असं त्यानं नंतर स्वतःच सांगितलंय. मग हवाई छत्री. खाली येताना होमगार्ड या स्थानिक स्वयंसेवकांच्या दलातल्या कुणीतरी जर्मन समजून त्याच्यावर बंदूक झाडली, म्हणजे वरून भाजलेला आणि खालून छर्रे लागलेला असा तो मिलब्रुकला उतरला. त्याच्याच तुकडीतला मार्टिन किंग हा पोरगाही छत्रीनं उतरत होता. त्याची छत्री मिटली आणि तो गेला. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहितोय.

15 नोव्हेंबर 1940 ला निकोल्सनला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचा शौर्याचा सर्वोच्च मान, जाहीर झाला. सगळ्या महायुद्धात ब्रिटनच्या फायटर कमांडला, म्हणजे लढाऊ विमानांच्या दलाला, मिळालेला हा एकच. हरिकेनमध्ये माणूस एकटा बसतो, त्यानं काय केलं ते बघायला जवळ कोण असणार? मला वाटतं, अशी किती तरी कामं कुणाला न दिसताच संपली असतील. तुला आठवतं, रायगडला जाताना माणगावात आपण तहसील कचेरीपाशी थांबलो होतो, नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यापुढं? त्यांनाही हाच क्रॉस, 10 जुलै 1944 च्या इटलीतल्या लढाईसाठी, मरणोत्तर.

पण मला निकोल्सन कळला तो क्रॉसमुळं नाही, हातांमुळं. तू चौथीत होतीस तेव्हा साच्यात ओल राहिली होती, धातूचा रस ओतला तसा उसळला आणि माझ्या उजव्या हातावर आला. ते तुला फार आठवत नसेल. आग असते ती काही क्षणांची. खरं दुखणं पुढं. ड्रेसिंग सोडताना कातडीचा पापुद्रा सोबत निघतो. व्रण भरतो तसा आकसतो आणि बोटं आत वळायला लागतात, मग रोज ती जबरदस्तीनं उघडायची. तुझी आई संध्याकाळी माझ्यापुढं कणकेचा गोळा ठेवायची आणि तू शेजारी बसून मोजायचीस, "बाबा, सोळा झाले, अजून चार." बरा झाल्यावर पहिल्या दिवशी मी भट्टीच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तीन वेळा असं झालं. त्याच दिवसांत लायब्ररीतल्या एका जुन्या मासिकात मला हा माणूस भेटला.

कारण तोही परत गेला. हात, चेहरा, मान, पाय भाजलेला माणूस, बाळ झालेलं, देशाचा सर्वोच्च मान मिळालेला. घरी बसला असता तर कुणी एक शब्द बोललं नसतं. तो वर्षभरात पुन्हा विमानात बसला. 1942 मध्ये आपल्याकडं आला. 1943 च्या ऑगस्टपासून वर्षभर 27 स्क्वाड्रनचा प्रमुख होता. तेव्हा हे स्क्वाड्रन आगरतळ्याला होतं, पुढं बंगालमधल्या परशुरामला गेलं. ब्यूफायटर आणि लाकडी मॉस्किटो विमानं घेऊन हे स्क्वाड्रन ब्रह्मदेशावर उडायचं. त्या कामाबद्दल 1944 मध्ये डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. दोन पदकांतला मला हा जास्त मोलाचा वाटतो. पहिला एका मिनिटाचा आहे, दुसरा महिनोन्‌महिन्यांचा.

2 मे 1945. हुद्दा विंग कमांडर, काम कचेरीतलं. तरी 355 स्क्वाड्रनच्या लिबरेटर या बॉम्बफेकी विमानात निरीक्षक म्हणून बसला. इंजिन पेटलं, विमान बंगालच्या उपसागरात पडलं. त्याचा देह मिळाला नाही. सिंगापूरच्या स्मारकावर नुसतं नाव आहे. सहा दिवसांनी युरोपातलं युद्ध संपलं. वय 28, आणि पुन्हा आगच. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मासिक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

1983 मध्ये म्युरिएलनं ती पदकं विकायला काढली. युद्धातल्या विधवांना मिळणाऱ्या तुटपुंज्या पेन्शनकडं तिला लोकांचं लक्ष वेधायचं होतं. 1,10,000 पौंडांना ती लंडनच्या हेंडनमधल्या आर. ए. एफ. म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या म्युझियमनं घेतली. अडतीस वर्षं तिनं ती घरात सांभाळली होती.

लंडनला जाशील तेव्हा हेंडनला जाऊन ये. आधी त्यांना विचार, पदकं मांडलेली आहेत का. आणि खोलीतला तो जुना हीटर बिघडलाय म्हणालीस, तो घरमालकाकडून बदलून घेईपर्यंत लावू नकोस. स्वेटर घाल. आईनं मेतकूट आणि भडंग पार्सल केलंय.

तुझे,
बाबा