सरासरी पाहून शाळा निवडू नका

महोदय,

अमेरिकेत घर शोधणारी आपली मंडळी आधी संकेतस्थळांवर शाळेला दहापैकी किती गुण आहेत ते पाहतात. उपनगरातल्या सरकारी शाळेत प्रवेश बहुतेक ठिकाणी पत्त्यावरूनच मिळतो, त्यामुळे ही काळजी रास्त आहे. पण नुसत्या निकालावर दिलेल्या गुणांत शिकवण्याइतकीच पालकांची मिळकतही मोजली जाते. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या अमेरिकी शाळांवरील सरकारी अहवालाने घरच्या परिस्थितीचा हा प्रभाव १९६६ मध्येच दाखवला होता. तरीही सर्व थरांतली मुले जिथे एकत्र शिकतात ती शाळा कच्ची, हा समज काही जात नाही.

साधा हिशेब मांडू. एका शाळेत शंभरातली ८० मुले सुस्थितीतली, त्यांतली ८० टक्के उत्तीर्ण. गरीब घरांतली २०, त्यांतली ४० टक्के. एकूण निकाल ७२ टक्के. दुसरीत सुस्थितीतली ४०, त्यांतली ८५ टक्के उत्तीर्ण. गरीब ६०, त्यांतली ४५ टक्के. एकूण ६१. दोन्ही गटांचा निकाल दुसऱ्या शाळेत सरस, तरी यादीत तीच खाली!

म्हणून राज्याच्या शिक्षण खात्याचे शाळावार प्रगतिपत्रक उघडावे. २०१५ च्या केंद्रीय कायद्याने त्यात वंश, आर्थिक स्थिती, अपंगत्व आणि इंग्रजी शिकणारी मुले असे गटवार निकाल देणे बंधनकारक आहे. आपल्या मुलाच्या गटाचा निकाल दोन्ही शाळांत ताडून पाहावा, तोही निदान तीन वर्षांचा. लहान गटात चार-पाच मुले बदलली तरी टक्केवारी उसळते. इंग्रजी शिकणाऱ्यांचा आकडा कमी दिसला म्हणून बिचकू नये. भाषा जमली की मूल त्या गटातून बाहेर पडते आणि मागे नवखीच उरतात. शाळेत मोफत जेवण घेणाऱ्या मुलांच्या टक्केवारीवरून बांधलेला गरिबीचा अंदाजही आता चुकतो, कारण २०१० च्या कायद्यातल्या सवलतीमुळे अनेक शाळा सरसकट सगळ्यांनाच मोफत जेवण देतात.

शाळा संमिश्र आणि वर्ग मात्र वेगवेगळे, असेही होते. भेटीला गेल्यावर प्रगत गणिताच्या वर्गात कोण बसले आहे ते जरूर पाहावे आणि निवड कशी होते ते विचारावे. फक्त शिक्षकांच्या शिफारशीवर किंवा पालकांच्या आग्रहावर निवड असेल, तर हुशार पण गरीब मुले राहून जातात. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याने (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा अशी बरीच मुले पुढे आली.

– एक वाचक