नानांचं बटन

अमळनेर तालुका,
आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) दुसरा दिवस

प्रिय रव्या,

सप्रेम नमस्कार. परवा फोन मध्येच तुटला. इकडे वीज गेली की टॉवरही मान टाकतो, पुण्यात राहून तू हे विसरलास. तेव्हा अर्धं राहिलेलं भांडण आता कागदावर.

तुझं म्हणणं असं की माणूस शिकला की विचारानं पुढारतो, आणि वय झालं की जुन्याला चिकटतो. दाखला काय, तर तुझ्या लेकीनं इंग्लंडातल्या लेस्टरहून सांगितलं. ती सांगते ते खरंच आहे. 2016 ला युरोपीय संघ सोडायचा की नाही यावर तिकडे मतदान झालं, तेव्हा तरुण आणि पदवीधर बहुतेक राहायच्या बाजूनं होते, म्हातारे आणि कमी शिकलेले सोडायच्या. पण तिला पुढचंही विचार. यूगव्ह या तिकडच्या मतचाचणी संस्थेच्या पाहणीत 2017 च्या निवडणुकीत मतदार डाव्या मजूर पक्षाकडून उजव्या हुजूर पक्षाकडे झुकायचं वय 47 निघालं, आणि 2019 ला तेच 39. दोन वर्षांत सगळा देश एकदम आठ वर्षांनी म्हातारा झाला का? शिक्षणाचंही तेच. थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानं दाखवलंय की इंग्लंड-अमेरिका-फ्रान्समध्ये 1950-60 च्या काळात जास्त शिकलेले उजव्या पक्षांकडे जास्त होते, आता ते डावीकडे आहेत. आपल्याकडे तर काटा आणखीनच वेगळा. लोकनीती या संशोधन संस्थेच्या पाहणीत 2014 ला भाजपला निरक्षरांपेक्षा कॉलेज शिकलेल्यांचा जास्त पाठिंबा दिसला होता. तुझी फुटपट्टी लेस्टरला चालत असेल, आपल्या बोरी नदीच्या काठावर नाही चालत.

माझं म्हणणं सांगतो, पण आधी काल आमच्या ओट्यावर काय झालं ते ऐक.

आखाजी म्हणजे तुला माहीत आहे. बहिणी आलेल्या, निंबाला झोका, घरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि रस. जेवणं झाल्यावर बाया झोक्यावर आणि गडी पत्त्यांवर. पत्ते पिसता पिसता गोष्ट राजकारणावर गेली. ओट्यावर नाना, म्हणजे आमचे वडील, वय 86, शिक्षण चौथी. माझा पुतण्या, सव्वीस वर्षांचा, एम.एस्सी. झालाय आणि चार वर्षं जळगावच्या अभ्यासिकेत बसतोय. आणि आमचा नवा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, कालच साल ठरलं त्याचं, वय एकोणतीस, पाचवीत शाळा सुटली. मी मध्ये, मास्तर.

पुतण्या नानांना म्हणाला, "तुम्ही साठ वर्षं एकाच पक्षाला मत दिलं, काय मिळालं?" नाना पत्त्यातून मान वर न करता म्हणाले, "बैलजोडी व्हती, मंग गाय-वासरू वनं, मंग पंजा वना. मी तोच शे, चित्र बदली ऱ्हायनं."

काँग्रेसच्या निशाण्या मोजत होते. पुतण्या हसला. मला मात्र माझे आजोबा आठवले. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. आजोबा तेव्हा एकवीस वर्षांचे, अक्षरशत्रू. थोडं गाडीनं, थोडं पायी गेले. नेहरूंचं भाषण कळलं नाही, असं ते स्वतःच सांगायचे. पण शेतसारा आणि सावकारी कर्ज कमी झालं पाहिजे असा ठराव तिथे झाला, तेवढं बरोबर घेऊन आले. तीच गोष्ट नानांनी लहानपणापासून ऐकली आणि 1962 ला पहिलं मत टाकलं. आता पुतण्याचं बघ. तो चौदा वर्षांचा होता तेव्हा 2014 उजाडलं. त्याच्या आधीचं सगळं त्याला शाळेच्या पुस्तकातलं. नाना ज्याला "आपलं राज्य" म्हणतात ते त्याला "त्यांचं राज्य" वाटतं. विशीच्या आसपास माणूस जे बघतो त्याचा डाग काही जात नाही रे, कापसावरच्या बोंडअळीसारखा.

हे झालं वयाचं. शिक्षणाचं मात्र मला आपल्यावरूनच कळलं, आणि ते सांगायला जरा जड जातंय.

नोव्हेंबर 1989 आठवतो? मतदानाचं वय एकवीसवरून अठरा झालं, ती पहिलीच लोकसभा. आपण दोघं सत्तरचे, थोडक्यात यादीत आलो. बोटावरची शाई महिनाभर टिकावी म्हणून तू तिला साबण लागू देत नव्हतास. मग 7 ऑगस्ट 1990, मंडल आयोगाची घोषणा, ओबीसींना नोकऱ्यांत 27 टक्के आरक्षण. आपण टी.वाय.ला. प्रताप कॉलेजच्या पायऱ्यांवर आपला पाच जणांचा कंपू होता, तो आठवड्याभरात दोन चहाच्या टपऱ्यांवर वाटला गेला. मी त्या वेळी गुणवत्तेवर काय जोरदार बोलायचो! वर्तमानपत्रातली कात्रणं खिशात ठेवायचो. आज पस्तीस वर्षांनी कबूल करतो: आपली जात यादीत आहे की नाही हे ज्याला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी त्याचं मत ठरलं. वाचन नंतर केलं. मी शिकलेला होतो म्हणून माझं मत वेगळं झालं नाही, फक्त त्याला चांगला वकील मिळाला. तुझंही तसंच होतं, पण तू वाद चांगला घालायचास.

शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवताना हे आठवतं आणि मी धडा लवकर उरकतो.

बरं, आपली व्यवस्था शिकलेल्याला मानही भरपूर देते. विधान परिषदेच्या 78 जागांपैकी सात पदवीधरांच्या, सात शिक्षकांच्या. मी दोन्हीकडे आहे, म्हणजे माझी मतं मोजायला बोटं लागतात. पुतण्यानंही नाशिक पदवीधर मतदारसंघाच्या यादीत नाव घालायला अठरा नंबरचा फॉर्म भरलाय. आणि आमचा सालदार? 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सरपंच व्हायला सातवी पास लागते, हा 2017 चा नियम. म्हणजे चौथी शिकलेले नाना आजही सरपंचपदाला उभे राहू शकतात आणि हा नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण काल सगळ्यात सरळ वाक्य त्याचंच होतं. आम्ही तिघं कापसाच्या भावावरून सरकारला शिव्या देत होतो, चार वर्षांपूर्वी दहा हजारावर गेलेला क्विंटल सात हजारावर कसा आला वगैरे. तो पाणी द्यायला आला आणि म्हणाला, "कापूसना भाव वाढना त तुमना. मजुरी वाढनी त मनी." पत्ते वाटणं थांबलं क्षणभर.

पुतण्याची गोष्ट वेगळी, तिथे मला खरंच काळजी वाटते. पदवीनं त्याला एक शब्द दिला होता आणि तो पाळला गेला नाही. एका भरतीचा पेपर त्यानं दिला, ती वादात अडकली. दुसऱ्या परीक्षेची तारीख दोनदा पुढे गेली. मी त्याच्या वयात मास्तर होऊन पगार घेत होतो, म्हणून माझे विचार सौम्य. त्याचे सौम्य कसे राहतील? तो कुणावर चिडेल हे मात्र त्या वेळी त्याच्या शेजारी कोण बसलंय आणि मोबाइलवर काय येतंय यावर ठरतं. डाव्याचा तो उजवा झालेला मी पाहिला, आता परत काहीतरी तिसरंच बोलायला लागलाय.

घरातल्या बायांचं मी काही लिहीत नाही, कारण त्या सांगतच नाहीत. वहिनीला लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, माय पासष्टच्या पुढची म्हणून तिला नाही. दोघी एका रिक्षात बसून मतदानाला गेल्या आणि आल्या.

आता मूळ गोष्ट, जी फोनवर राहून गेली. नोव्हेंबर 2024 ला नाना पंच्याऐंशीचे. घरी येऊन मत घेतात, तो फॉर्म मी आणला होता. नानांनी तो परत दिला. शाळेतच जाईन म्हणाले. पण मोतीबिंदूमुळे मशीनवरची चित्रं दिसेनात, तेव्हा सोबत एकजण नेता येतो असं केंद्रावर समजलं. मी पुढे झालो. नानांनी मला बाजूला सारलं आणि नातवाचा हात धरला. ज्याच्याशी रोज भांडतात त्याचा! त्यानं आधी कागदावर सही केली, गुप्तता पाळीन म्हणून, आणि दोघं पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले. बाहेर आले तेव्हा दोघंही गंभीर.

त्या दिवसापासून मी पुतण्याला विचारतोय. नानांनी पंजाच सांगितला का? का शेवटी बदलले? आणि सांगितलं तेच बटन त्यानं दाबलं ना? काल पत्ते खेळताना परत विचारलं. तो म्हणाला, "काका, मी लिहून दिलंय." नानांकडे पाहिलं तर ते पानं लावत होते. "तुले काय करनं शे?" म्हणाले, आणि माझा एक्का मारला.

रस बाटलीत भरून ठेवलाय, पण तू येशील तोवर टिकणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू मास्तर