जुन्या वेलींची बर्गंडी: सुहासला पत्र

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस की पॅरिसहून परतताना जी बर्गंडी, म्हणजे फ्रान्सच्या बर्गंडी भागातली वाइन, घेणार आहेस तिच्या लेबलवर ‘व्हिएय वीन्य’ म्हणजे जुन्या वेली असं छापलंय, तर तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजावेत का. फोनवर नीट सांगता आलं नसतं म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे त्या दोन शब्दांना फ्रान्समध्ये कायद्याची व्याख्याच नाही. वेल किती वर्षांची झाली की जुनी म्हणायची ते ज्याचं तो ठरवतो, त्यामुळे नुसत्या लेबलवर भरवसा ठेवू नकोस. पण म्हणून ती सगळी विकायची युक्ती आहे असंही नाही रे, फरक असतो आणि तो मी चाखलाय.

बर्गंडीतल्या जेव्ह्रे-शांबर्तँ गावात एका तळघरात मालकाने दोन ग्लास समोर ठेवले, दोन्ही त्याच गावच्या वाइन, दोन्ही २०१९ च्या, एक नव्या वेलींची आणि एक त्याच्या आजोबांनी लावलेल्या वेलींची. रंगात फारसं काही कळत नव्हतं, आणि पिनो न्वार, म्हणजे ज्या द्राक्षाची ही लाल वाइन होते ती, रंगावरून जोखायचीच नाही, द्राक्षाची साल पातळ, वाइन फिकीच दिसणार. नव्या वेलींची वाइन वासाला लगेच खुलली, चेरी, रास्पबेरी, एकदम प्रसन्न, पण घोट गिळला की संपली. जुनीचा वास आधी येईचना. ग्लास फिरवत बसलो, मग हळूहळू काळी चेरी, ओला पालापाचोळा, किंचित लोखंडासारखं काहीतरी यायला लागलं. खरी गंमत मात्र तोंडात. घोट घेतल्यावर मध्येच जी पोकळी जाणवते ना, साध्या वाइनमध्ये हमखास असते, ती इथे नव्हती, टॅनिन, म्हणजे सालीतून येणारा तुरटपणा, बारीक, आंबटपणा आतून धरून ठेवणारा, आणि गिळल्यावर चव कितीतरी वेळ तशीच. मुरलेल्या गवयाचा षड्ज जसा मोठा नसतो पण भरीव लागतो, तसं. म्हणून माझं ठाम मत झालंय की जुनी वेल नाकात शोधू नये, घोटाच्या मधल्या भागात आणि शेवटात शोधावी.

हे होतं का, तर जुन्या वेलीला फळ कमी लागतं, मणी बारीक असतात, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. मुळं चुनखडीच्या भेगांत खोल गेलेली असतात, त्यामुळे २०१९ सारख्या कोरड्या उन्हाळ्यातही त्या तग धरतात. आणि एक कारण लोक फारसं सांगत नाहीत, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: १९७० च्या दशकात निवडलेले क्लोन, म्हणजे एकाच वेलीपासून केलेली हुबेहूब रोपं, यायच्या आधी शेतकरी आपल्याच मळ्यातल्या बऱ्या वेलींच्या काड्या घेऊन नवी लागवड करायचे, म्हणून जुन्या तुकड्यात एकेक वेल जरा वेगळी असते आणि ती विविधता वाइनमध्ये उतरते. पण त्याच सुमारास काहींनी भरपूर पीक देणारी, सरळ वाढणारी ‘पिनो द्र्वा’ जातही लावली, आता त्याही वेली पन्नाशीच्या पुढे गेल्यात आणि त्याही जुन्याच म्हणायच्या! म्हणजे नुसतं वय बघून चालत नाही.

बर्गंडीतल्याच रोमाने-काँतीचं बघ. जेमतेम १.८ हेक्टरचा मळा, फिलॉक्सेरा या वेलींची मुळं खाणाऱ्या किडीने सगळा युरोप पोखरला तरी तिथे कलम न केलेल्या मूळच्या वेली १९४५ पर्यंत जपल्या होत्या. शेवटी पीक इतकं घटलं की त्या वर्षी सहाशेच्या आसपास बाटल्या निघाल्या, मग वेली उपटल्या, नव्या लावल्या आणि १९४६ ते १९५१ रोमाने-काँती नावाने वाइनच काढली नाही. वेलीच्या वयाला तिथे किती मान देतात ते यावरून कळतं.

तर तू घेताना आधी कुणी बनवलीय ते बघ, मग उतारावरची जागा, मग वाइन कोणत्या वर्षीची ते, आणि जुन्या वेली त्यानंतर. भरवशाच्या माणसाची गावपातळीची, म्हणजे नुसत्या गावाच्या नावाने विकली जाणारी, ‘जुन्या वेली’ ही कुणा आळशी माणसाच्या ग्राँ क्रूपेक्षा, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मळ्यातल्या वाइनपेक्षा, मी केव्हाही घेईन. क्लो द व्हूजो या मळ्याचंच उदाहरण घे ना, पन्नास हेक्टर, ऐंशीच्या आसपास मालक, सगळ्यांच्या लेबलवर ग्राँ क्रू, आणि चवीत जमीन-अस्मानाचा फरक.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये घरात पस्तीस अंश होतं, ही वाइन साठवायला बारा-चौदा लागतं, तेव्हा वाइन फ्रिज नसेल तर २०१९ ची घेऊन ठेवू नकोस, २०१७ ची घे, त्या साली वाइन लवकर पिण्याजोग्या झाल्या. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढ, मोठ्या पोटाच्या ग्लासमध्ये थोडीच ओत आणि लगेच संपवू नकोस. सोबत मटणाचा रस्सा नको रे, मसाल्यापुढे ती काहीच बोलणार नाही, साधं भाजलेलं चिकन आणि बटरमध्ये परतलेले मशरूम कर. आणि वहिनींनाही दे, त्यांचं नाक तुझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे, त्यांना काय वास आला ते मला नक्की कळव.

तुझा,
मिलिंद