सत्तेचाळीस नंबरच्या ट्रंकेकडून मेट्रनबाईंना

आदरणीय मेट्रनबाई,

सप्रेम सलाम.

तुमच्या ख्रिस्ती बोर्डिंगात आल्यावर मी पहिला शब्द शिकले तो हाच. सकाळी तुम्ही व्हरांड्यातून निघालात की सव्वाशे मुलींच्या तोंडून ‘सलाम, बाई’ उठायचं, आणि तुम्ही प्रत्येकीला मान हलवून उत्तर द्यायचात. मला आधी वाटायचं, ही फक्त रीत आहे. मग एकदा तापामुळे माझा आवाज फुटला नाही, तर चार पावलं पुढे गेलेल्या तुम्ही मागे फिरून माझ्या कपाळाला हात लावलात. सव्वाशेतला एक आवाज कमी पडलेला तुम्हाला कळला होता.

हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहिते आहे. ते तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे मला. चारचौघांत कुणी तुमचं कौतुक काढलं की ‘चला, पाणी भरायचं राहिलंय’ म्हणून तुम्ही उठायचात. पण आज मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळी झाली की माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप ऊसतोडीला निघतात आणि ‘पोरीला मागं ठेवून काय करायचं?’ असं मला विचारतात. मग मी तुमची गोष्ट सांगते. सांगून सांगून ती आखूड होत चालली आहे. म्हणून एकदा सगळी लिहून काढते.

जून 1991. पाथर्डी तालुक्यातून आबा मला नगरला घेऊन आले, तेव्हा पाचवीची यादी भरली होती. बोर्डिंगात एकही कॉट शिल्लक नव्हती. आबांच्या खांद्यावर बाजरीचं पोतं आणि माझ्या हातात पत्र्याची ट्रंक. ऑफिसातून ‘पुढच्या वर्षी या’ असं उत्तर मिळालं होतं आणि आम्ही फाटकाकडे निघालो होतो. तुम्ही आबांना विचारलंत, ‘तोडीला कधी निघता?’ आबा म्हणाले, ‘दिवाळी झाली की.’ आणखी काही न विचारता तुम्ही मधल्या बोळात, पाण्याच्या पिंपाशेजारी एक खाट टाकून घेतलीत. माझ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने 47 लिहिलंत. त्या खाटेवर मी दोन वर्षं झोपले. रात्रभर पिंपाच्या नळाचं टिपटिप ऐकू यायचं. अजूनही कुठे नळ गळताना ऐकला की मला गाढ झोप लागते.

आम्ही ख्रिस्ती नव्हतो. आईने माझ्या कपड्यांच्या तळाशी मोहटादेवीची छोटी तसबीर ठेवली होती. ट्रंक तपासताना ती तुमच्या हाती लागली आणि मी घाबरले. तुम्ही पदराने तिची काच पुसलीत आणि ती कपड्यांच्या वर ठेवलीत. म्हणालात, ‘खाली दबली तर फुटेल गं.’ सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही सगळ्याच बसायचो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मला आजही पाठ आहेत. पण त्या तसबिरीबद्दल सहा वर्षांत तुम्ही एक शब्द काढला नाहीत.

बोर्डिंगचा दिवस घंटेवर चालायचा. पाचला उठायची घंटा, मग बादल्यांची रांग, झाडलोट, प्रार्थना, अभ्यास, भाकरी-चहा, वेण्या, शाळा. वेण्या लाल रिबिनीत वर बांधलेल्या हव्यात आणि दोन्ही बाजूंनी सारख्याच हव्यात. रविवारी पांढरा गणवेश घालून दोघी-दोघींच्या रांगेने चर्चला जायचं. दुपारी तुम्ही पायरीवर बसायचात आणि आम्ही पाळीपाळीने तुमच्या पुढ्यात. बारीक दातांची फणी, खोबरेल तेलाची वाटी, मांडीवर पांढरं फडकं. डोकं विंचरता विंचरता तुम्ही जे विचारायचात ते कुणी वर्गात विचारत नसे. ‘गणिताच्या बाई फार बोलल्या का?’, ‘पोटात दुखतंय ते कधीपासून?’ पाठ तुमच्याकडे असायची, तोंड अंगणाकडे, त्यामुळे खरं बोलणं सोपं जायचं. मला पाळी आली हे मी त्या पायरीवरच सांगितलं होतं.

आणि तुमची लाल पुठ्ठ्याची वही. एका मुलीला एक पान. ट्रंकेचा नंबर, चपलेचं माप, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाचे वडील कोणत्या कारखान्यावर, मुकादमाचं नाव, गट कोणता. आमच्यासारख्या तोडीवाल्यांच्या पंधरावीस मुली होत्या. आईबापांचा पत्ता दर महिन्याला बदलायचा, आणि तुम्ही दर महिन्याला तो खोडून नवा लिहायचात. त्याच वहीतून पाहून आमच्याकडून पोस्टकार्डं लिहून घ्यायचात. आईला वाचता येत नव्हतं. तिने ती सगळी कार्डं फडावरच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, कुडात खोचून ठेवली होती, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरं सत्र म्हणजे नुसती धांदल. घटक चाचणी, खेळांचे सामने, विज्ञान प्रदर्शन, गॅदरिंग, नाताळाचं नाटक, दहावीची प्रिलिम, मध्येच सव्वीस जानेवारीचं लेझीम. एकीकडे कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन चांदण्या बनवणं चालायचं, दुसरीकडे पाढे. दुसऱ्या मुली दर महिन्याच्या सुट्टीला घरी जाऊन यायच्या. आमच्या घराला दिवाळीपासून कुलूप. नाताळाच्या सुट्टीत बोर्डिंग रिकामं व्हायचं तेव्हा उरलेल्या आम्हा पाच-सहा जणींना तुम्ही आपल्या दोन खोल्यांच्या घरी न्यायचात. करंज्या लाटायला बसवायचात. रात्री कॅरलवाल्यांबरोबर आम्ही वाड्यावाड्यांतून फिरायचो आणि परत येऊन तुमच्या स्वयंपाकघरात ओळीने झोपायचो.

आता 1996 चा डिसेंबर. मी दहावीत होते. नाटकात मला उतारशाळेच्या मालकाचं काम होतं, एकच वाक्य, ‘इथे जागा नाही.’ तेवीस तारखेला नाटक, आणि बावीसला संध्याकाळी फाटकात आबा. सातारा जिल्ह्यातल्या उसाच्या फडावरून ते आले होते. आईच्या डाव्या हातावर कोयता बसला होता. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको बसली की अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, आणि अर्ध्या कोयत्यावर मुकादम ऐकेना. ‘पोरीला न्यायला आलो,’ आबा म्हणाले. प्रिलिम 6 जानेवारीला सुरू होत होती.

तुम्ही त्यांना शिक्षणाचं महत्त्व सांगत बसला नाहीत. आबांना ते ठाऊक नव्हतं असं नाहीच. त्यांनीच मला तिथे आणून सोडलं होतं. तुम्ही आधी त्यांना जेवायला वाढलंत, मग विचारलंत, ‘किती दिवसांची नड आहे?’ आबांनी बोटांवर मोजलं. चुलत आत्या दुसऱ्या टोळीतून येणार होती, पण नव्या वर्षातच. ‘मग सुट्टी आहे तेवढी घेऊन जा. दोन तारखेला पोर परत,’ तुम्ही म्हणालात. त्या रात्री आबा शिपाईमामांच्या खोलीत झोपले. दुसऱ्या दिवशी सभागृहात मागच्या भिंतीला टेकून, फेटा हातात घेऊन, त्यांनी माझं नाटक पाहिलं. त्यांनी पाहिलेला माझा तो एकच कार्यक्रम.

नऊ दिवस मी मोळ्या बांधल्या. पहाटे तीनला उठायचं, धुक्यात फड गाठायचा. पाचटाने मनगटं चिरून निघायची आणि उसाचा रस त्यात झोंबायचा. पुस्तकं पिशवीतच राहिली. आत्या आली नाही. एक तारखेला रात्री आबा म्हणाले, ‘आता कशी धाडू?’ मी काही बोलले नाही. मी मनातून सोडून दिलं होतं, हे तुम्हाला आजवर सांगितलेलं नाही, बाई. आज सांगते.

दोन तारखेला दुपारी फडाच्या बांधावर काळी छत्री दिसली.

एकतीसची वॉचनाईट उपासना आणि एक तारखेची सकाळची उपासना उरकून तुम्ही रात्रीच्या एस.टी.ने निघाला होतात. शिवाजीनगरला उतरून स्वारगेट, तिथून कराडची गाडी, पुढे जीप, आणि शेवटी लाल वहीतला पत्ता विचारत विचारत पायी. चपला ढेकळांनी भरलेल्या. मला पाहून तुम्ही म्हणालात, ‘वेणी कुणी घातली ही?’ आणि मला रडू फुटलं.

कोपीत तुम्ही वाकून आलात, पोत्यावर बसलात, गुळाचा कोरा चहा घेतलात. आईचा हात उघडून पाहिलात. लुगड्याची चिंधी जखमेला चिकटली होती. मीठ घालून पाणी उकळायला लावलंत आणि चिंधी भिजवून भिजवून, एकेक धागा सुटेपर्यंत थांबलात. अर्धा तास तरी लागला असेल. आई तोंडातून आवाज न काढता कुडाकडे पाहत होती. आबा दारात उभे, मुकादमाचा माणूस दोनदा डोकावून गेला. तुम्हाला कसलीच घाई नव्हती. संध्याकाळची गाडी गाठायची होती, आणि तिकडे बोर्डिंगात त्याच दिवशी सव्वाशे मुली परत यायच्या होत्या, तरीसुद्धा.

स्वच्छ फडकं बांधून झाल्यावर तुम्ही आईला विचारलंत, ‘तुला काय वाटतं, बाई?’

आबांना सगळे विचारायचे. मुकादम, भावकी, शाळा. आईला कुणी काही विचारलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. ती बराच वेळ गप्प होती. मग आबांकडे न पाहताच म्हणाली, ‘जाऊ द्या तिला. मी एका हातानं मोळ्या बांधीन.’

तुम्ही पदराची गाठ सोडून पन्नास रुपये आबांच्या हातात ठेवलेत आणि आईला आजच्या आज गावातल्या डॉक्टरकडे न्यायचं कबूल करून घेतलंत. आबांनी नेलं. हात वाचला. दोन बोटं मात्र कायमची आखडली. माझ्या दहावीची किंमत आईने कशात मोजली ते मी विसरलेले नाही, आणि तुमचे आभार मानताना तिचे आधी मानते. ते तुम्हाला पटेल.

परतीच्या एस.टी.त तुम्ही भूमितीचं पुस्तक उघडलंत. तुमचं शिक्षण जुनी फायनल, म्हणजे सातवी. प्रमेय तुम्हाला कळत नव्हतं, पण दिव्याखाली पुस्तक धरून मी म्हणते ते छापल्यासारखं आहे का हे तुम्ही बघत होतात आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की बोट ठेवून थांबवत होतात. दिवे गेल्यावर तोंडीच चालू ठेवलंत. मध्यरात्री स्वारगेटहून शिवाजीनगरला जाताना रिक्षात मी तुमच्या खांद्यावर झोपले. नगरला पोहोचलो आणि फाटकात शिरता शिरता पाचची घंटा झाली. तुम्ही मला झोपायला पाठवलंत आणि स्वतः बादल्यांच्या रांगेकडे गेलात.

त्या दिवशी तीन जानेवारी होती, सावित्रीबाईंची जयंती. परिपाठाला मोठ्या बाईंनी सांगितलं की सावित्रीबाई शिकवण्याचं शिक्षण घ्यायला याच नगरात मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या, आणि सिंथिया फरार स्वतः 1827 साली अविवाहित असतानाच अमेरिकेतून निघून इकडे आल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. दरवर्षी ऐकलेलं होतं. त्या वर्षी मात्र मी चिरलेली मनगटं बाह्यांत लपवून उभी होते, आणि शेवटच्या रांगेमागे तुम्ही उभ्या होतात, चपलांना अजून कराडकडची माती लागलेली.

पुष्कळ वर्षांनी तुमच्या सूनबाईंकडून कळलं की त्या नववर्षाला तुमचा मुलगा दोन वर्षांनी रजेवर घरी आला होता. चारच दिवसांसाठी. त्यातले दोन तुम्ही माझ्यासाठी एस.टी.त घालवलेत.

दहावीला मला 71 टक्के मिळाले. पुढे बारावी, डी.एड., नोकरी. आता आमच्या गावात दिवाळीनंतर हंगामी वसतिगृह चालतं. यंदा चाळीस मुलं आहेत, त्यांतल्या तेवीस मुली. आमच्याकडेही तीच धांदल असते. शिष्यवृत्तीची तयारी, गॅदरिंग, तपासणी, ऑनलाइन माहिती भरणं. मी लाल पुठ्ठ्याची वही घातली आहे. आता सगळ्यांकडे मोबाईल आहेत, तरी फडाचं गाव आणि मुकादमाचं नाव मी दर महिन्याला खोडून नवं लिहिते. पोरगी ठेवायची की न्यायची ही बोलणी निघाली की बापाशी बोलून झाल्यावर मी आईला वेगळं विचारते. बऱ्याच जणी आधी गप्प बसतात. मी थांबते.

बाई, त्या दिवशी मी तुमचे आभार मानले नाहीत. घंटा झाली होती. नंतर प्रिलिम, मग बोर्ड, मग निरोप समारंभात सगळ्यांसाठी मिळून एकच भाषण झालं, त्यात तुमचं नाव चौथं होतं. ते मला आजही खटकतं.

तुम्हाला आता नीट दिसत नाही असं सूनबाई म्हणाल्या, तेव्हा हे पत्र त्या वाचून दाखवतील. नाताळाच्या आधीच्या रविवारी मी येते आहे. तुमची उपासना झाल्यावर, दुपारची येईन. करंज्यांचं सारण घेऊन येते, लाटायला तिथेच बसू. हात वर जात नाहीत म्हणून हल्ली केस विंचरणं राहून जातं, असंही कळलं. पायरीवर बसून राहा. फणी आणि खोबरेल माझ्या पिशवीत असेल.

तुमची,
ट्रंक नंबर 47