सूचना: १७७८ सालातच राहा

मंडळी, आपला पात्रं घेऊन लिहायचा खेळ १७७८ च्या व्हर्सायमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या राजवाड्यात, चालू आहे, हे ध्यानात असू द्या. काल दरबारात दोघी सरदारणी पांढऱ्या मलमलीच्या साध्या झग्यात अवतरल्या. तसल्या झग्यातलं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं चित्र १७८३ साली प्रदर्शनात लागलं, तर ‘राणी आतल्या कपड्यांत!’ अशी ओरड होऊन उतरवावं लागलं. तेव्हा सध्या दोन्ही बाजूंनी फुगवलेला घागराच हवा. दारातून आडवं होऊन शिरायचं, तेही लिहा. केसांवर पिठाची पावडर विसरू नका.

पुस्तकांचंही तेच. लाक्लोची ‘लिएजाँ दांजरूज’ ही कादंबरी १७८२ ची, ती कुणाच्या उशाखाली सापडता कामा नये. रूसोची ‘जूली’ (१७६१) खुशाल वाचा, रडासुद्धा.

आणि लेखक व्हॉल्टेअर याच साली ३० मे रोजी वारले. जूनच्या मेजवानीचं त्यांचं आमंत्रण ज्यांनी धाडलंय, त्यांनी ते मागे घ्यावं.