शिफारसपत्राबद्दल शिरीषला

१८ एप्रिल

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीनंतर मी तुला एक ओळही लिहिली नाही, तुझ्या दोन पत्रांना उत्तरही दिले नाही. त्याचे कारण कामाची गर्दी हे नव्हते. महाविद्यालयांतून येणाऱ्या शिफारसपत्रांत मुले दिसतच नाहीत, असे जानेवारीत फोनवर तू म्हणालास ते मला झोंबले होते, आणि तुझे म्हणणे खोडून काढणारे एखादे ठोस उदाहरण हाती लागेपर्यंत लिहायचे नाही, असे मी ठरवून बसलो होतो. उदाहरण हाती लागले, पण ते तुझ्या बाजूने बोलते आहे. म्हणून आज लिहायला बसलो. प्रकृती ठीक, रक्तदाब गोळीने आटोक्यात, घरी सर्व कुशल.

स्पेक्ट्रोमीटरवाली मुलगी तुला आठवत असेल. मागच्या पावसाळ्यात मी तुला तिच्याबद्दल अर्धा तास सांगत होतो आणि तू मध्येच विचारलेस की ही मुलगी आहे की दंतकथा. फोनवर सगळे नीट सांगता आले नव्हते, म्हणून पुन्हा सांगतो. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. द्वितीय वर्षाच्या बॅचला स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे प्रकाश किती अंशांनी वळला ते मोजणाऱ्या उपकरणावर, प्रिझमचा प्रयोग होता. त्याच्या वर्तुळाकार पट्टीवर समोरासमोर दोन व्हर्नियर, म्हणजे बारीक वाचनाच्या छोट्या पट्ट्या, असतात. एका व्हर्नियरचे वाचन घ्यायचे आणि दुसऱ्याच्या रकान्यात त्यात १८० अंश मिळवून आकडा लिहून टाकायचा, ही आपण दोघांनी तिसऱ्याच आठवड्यात आत्मसात केलेली युक्ती आजही तितक्याच निष्ठेने चालू आहे. या मुलीने दुसरे व्हर्नियर खरोखरच वाचले. फरक १८० अंश येईना, कोनाची चार मिनिटे (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी येत होती. ती माझ्याकडे आली. मी म्हणालो, "सरासरी घे, म्हणजे झाले." पुढच्या आठवड्यात बॅच सुटल्यावर ती थांबली, दुर्बीण तीस-तीस अंशांनी फिरवत पूर्ण वर्तुळात बारा ठिकाणी दोन्ही व्हर्नियर वाचली आणि तो फरक आलेखावर मांडला. शिरीष, ती एक गुळगुळीत लाट होती. वर्तुळाच्या एका बाजूला चार मिनिटांचा उंचवटा आणि समोरच्या बाजूला तेवढाच खोलगट भाग. आलेखाचा कागद प्रयोगवहीपेक्षा मोठा, म्हणून घडी घालून चिकटवलेला, आणि खाली पेन्सिलीने, एकदा खोडून पुन्हा लिहिलेले एक वाक्य: "पट्टीचे केंद्र आणि दुर्बिणीचा आस एका जागी नाहीत, म्हणून दोन्ही वाचनांची सरासरी घ्यायची." गेली बावीस वर्षे मी मुलांना सरासरी घ्यायला सांगतो आहे. ती का घ्यायची, हे स्वतःच्या हाताने शोधून मला दाखवणारी ही पहिली विद्यार्थिनी. मी त्या पानावर सही केली आणि तारीख घातली.

आता नोव्हेंबरकडे येतो. तिने उन्हाळ्यातल्या एका संशोधनवृत्तीसाठी अर्ज केला. या अर्जांची रीत तुला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे: गुणपत्रके, आपल्याला काय करायचे आहे याचे छोटे टिपण, आणि विद्यार्थ्याला ओळखणाऱ्या शिक्षकाचे पत्र. त्या आठवड्यात माझ्याकडे चौदा जणांनी पत्रे मागितली होती. तिचे पत्र मी शेवटच्या रात्री पाठवले, आणि ते मी लिहिलेले नव्हते. तीन वर्षांपूर्वी एका मुलासाठी लिहिलेली फाइल उघडली, वरचे नाव बदलले आणि पाठवून दिली. प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ स्वभाव, शैक्षणिक कारकीर्द उत्तम, यशासाठी शुभेच्छा. मार्चमध्ये निकाल लागला, तिची निवड झाली नाही, तेव्हा पुढच्या वेळी काय सुधारावे हे पाहण्यासाठी मी ती फाइल पुन्हा उघडली. दुसऱ्या परिच्छेदात दोन ठिकाणी इंग्रजी सर्वनाम पुल्लिंगीच राहून गेले होते. जो कोणी ते पत्र वाचायला बसला असेल, त्याला पहिल्या पाच ओळींतच कळले असेल की या शिक्षकाच्या डोळ्यांसमोर ही विद्यार्थिनी नाही.

तू म्हणशील की निवड एका पत्रावर होत नाही. ते खरे आहे. जागा थोड्या, अर्ज खूप, त्यात मार्गदर्शकाचा विषय जुळावा लागतो. उत्तम पत्र असूनही डावलली गेलेली मुले मी पाहिली आहेत. पण या वेळी कारण कोणते होते हे मला कधीच कळणार नाही, आणि नेमके तेच मला रात्री जागे ठेवते. निकालानंतर ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली नाही. तिने आपले टिपण माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, "सर, माझ्या लिहिण्यात काय कमी पडले?" मी ते दोनदा वाचले. त्यात काहीही कमी नव्हते. मी "पाहून सांगतो" म्हणालो आणि आजतागायत सांगितलेले नाही.

जानेवारीत तू म्हणालास की महाविद्यालयांतून येणाऱ्या पत्रांत मुले दिसतच नाहीत, सगळीच प्रामाणिक आणि सगळीच कष्टाळू असतात, त्यामुळे तू ती पत्रे वाचायचेच सोडून दिले आहेस. त्यावर मी तुला सुनावले की तुझ्या प्रयोगशाळेत तीन विद्यार्थी आणि माझ्यापुढे सव्वाशे प्रयोगवह्या, तेव्हा मला शिकवू नकोस. त्या उत्तराचा अर्धा भाग मी आजही मागे घेत नाही. चौदा मुलांना आठवडाभरात चौदा खरी पत्रे लिहिणे कठीणच असते, आणि ज्यांच्याकडे ती येतात त्यांनी हे समजून घ्यावे. पण उरलेला अर्धा भाग मी पूर्णपणे मागे घेतो. या मुलीबद्दल लिहायला मला वेळ लागलाच नसता. ती लाट माझ्या डोळ्यांसमोर होती. तुला फोनवर अर्धा तास सांगितले, त्यातली चार वाक्ये त्या पत्रात उतरवली असती तरी पुरे होते.

दर वर्षी ऑगस्टमध्ये मी मुलांचा एक तास घेतो, त्यात सांगतो की शंभर प्राध्यापकांना एकच मेल नाव बदलून पाठवू नका. ज्यांना लिहाल त्यांचा निदान एक शोधनिबंध वाचा आणि त्यातले काय कळले नाही ते लिहा. तुला आलेला तो मेल, ज्यात वर तुझे नाव आणि खाली दुसऱ्याच कुणाच्या संशोधनाची स्तुती होती, तो मी दर वर्षी उदाहरण म्हणून सांगतो आणि वर्ग पोट धरून हसतो. ती मुलगीही त्या तासाला पहिल्या बाकावर होती.

मला सारखे आपले सर आठवतात. आपल्या वेळी त्यांनी आपल्याला एकेकाला समोरच्या स्टुलावर बसवून पाऊण तास नुसते प्रश्न विचारले होते आणि मग स्वतःच्या हाताने पत्र लिहिले होते. तुझ्या पत्रातले ते वाक्य, "हा उपकरणे मोडतो, पण ती का मोडली हे दुसऱ्या दिवशी नेमके सांगतो", बंगळूरला पहिल्याच दिवशी तुझ्या मार्गदर्शकांनी मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्यानंतर दोन वर्षे खोलीत काहीही फुटले की आपला खोलीसोबती पैलवान हेच वाक्य म्हणायचा. माझे पत्र तुझ्यापेक्षा लहान होते म्हणून मी चार दिवस तुझ्याशी अबोला धरला होता, हेही तू विसरला नसशीलच. आज वाटते, लहान असले तरी ते माझेच होते. दुसऱ्या कुणाचे नाव खोडून मला दिलेले नव्हते.

हे सगळे मी इतके का लावून घेतो, हे दुसऱ्या कुणाला सांगितले तर तो म्हणेल, एक उन्हाळा गेला, पुढचा येईल. आमच्यासारख्या महाविद्यालयात तो एक उन्हाळा म्हणजे काय, हे तुलाच ठाऊक आहे. इथे प्रत्येक प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असते. ज्याचे उत्तर समोरच्या माणसालाही माहीत नाही अशा प्रश्नापाशी आठ आठवडे बसायला मिळणे, मोठा वैज्ञानिक चुकतो, खोडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात करतो हे जवळून पाहणे, एवढ्याने माणूस बदलतो. आपण दोघे बदललो. तू त्या वाटेने पुढे गेलास, मी शिकवायला परतलो, पण मी जे शिकवतो त्यातले चांगले ते सगळे त्या आठ आठवड्यांतून आले आहे.

आणि वाटा काही वाढलेल्या नाहीत. परीक्षा घेऊन विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वृत्ती देणारी, १९९९ साली सुरू झालेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये इन्स्पायर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिष्यवृत्ती कार्यक्रमात विलीन झाली. ती परीक्षा चालू असती, तर पहिल्या वर्षी ही मुलगी तिला नक्कीच बसली असती. बारावीच्या मंडळात वरच्या एक टक्क्यात आल्यामुळे तिला इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. वर्षाचे ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० हातात येतात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. धाकटी बहीण अभियांत्रिकीला आहे, तिला तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठीच्या प्रगती शिष्यवृत्तीचे वर्षाला ५०,००० मिळतात. त्या घरातल्या दोन्ही मुली अशा शिष्यवृत्तीवर शिकत आहेत, आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी वडील किती खेपा घालतात ते मी पाहिले आहे. इन्स्पायरच्या नियमाने तिला उन्हाळ्यात प्रकल्प करायचाच आहे. अनेक मुले तो आपल्याच महाविद्यालयातल्या शिक्षकाकडे, प्रमाणपत्रापुरता उरकतात, आणि अशा काही प्रमाणपत्रांवर माझीही सही आहे. हिचा प्रकल्प तसा होऊ द्यायचा नाही, एवढे मी ठरवले आहे.

उन्हाळी प्रकल्प देणाऱ्या संशोधन संस्थांची मी तिच्याबरोबर बसून यादी केली: कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), पुण्याला खगोलशास्त्राचे आयुका, बंगळूरला जवाहरलाल नेहरू केंद्र. त्यातल्या बहुतेक ठिकाणी यंदाची मुदत उलटून गेली आहे, त्यामुळे ती यादी पुढच्या वर्षाची झाली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम मला तिच्यासाठी सर्वांत योग्य वाटतो, कारण तिथे एका सुट्टीत काम संपत नाही. पुन्हा पुन्हा जाऊन तोच प्रकल्प पुढे न्यायचा असतो, आणि बॅच सुटल्यावर त्याच उपकरणापाशी थांबणाऱ्या मुलीला हेच मानवेल. तीन विज्ञान अकादमी मिळून जी उन्हाळी वृत्ती देतात ती अर्थातच आहे. तिच्यात शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे तू मला किती वर्षे सांगतो आहेस! यंदा हिवाळ्यात मी स्वतः अर्ज करणार आहे. पुन्हा एकदा कुणाच्या तरी प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून बसलो, आपल्यासाठी दुसऱ्या कुणाकडे पत्र मागितले, तर पत्र लिहिणे म्हणजे काय हे मला नव्याने कळेल.

आता तुझ्याकडे दोन गोष्टी मागतो. तिला तुझ्या प्रयोगशाळेत घे असे मी म्हणत नाही, आणि तू ते आपणहून सुचवू नयेस. आपल्या मैत्रीतून दिलेली जागा ही कुठल्या तरी दुसऱ्या, ओळख नसलेल्या मुलाची जागा असते; तुझ्या-माझ्या वेळी कुणी तसे केले असते तर आपण दोघेही आज इथे नसतो. पहिली मागणी एवढीच की सोबत पाठवलेले नवे पत्र तू रोज येणाऱ्या पत्रांसारखे वाच आणि जिथे मुलगी दिसत नाही तिथे लाल पेनाने रेघ मार. आलेखाची प्रतही जोडली आहे. दुसरी मागणी अवघड आहे. तिला मी खरे सांगावे की नाही? सांगितले तर माझ्या मनावरचे ओझे उतरेल, पण ते तिच्या मनावर जाईल. वर्षभर तिला वाटत राहील की आपले काही चुकले नसताना संधी गेली. सांगितले नाही, तर ती आपल्या चांगल्या टिपणात दोष शोधत राहील आणि कदाचित ते बिघडवून ठेवील. हे लिहिता लिहिता मला दुसरी गोष्ट अधिक वाईट वाटू लागली आहे. सोमवारी तिचे प्रात्यक्षिक आहे. तोवर तुझे उत्तर आले नाही, तर मी तिला सांगून टाकीन.

तुझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली हे ताईंकडून कळले, बरे वाटले. मी फोन करायला हवा होता. लेकीच्या जर्मनीच्या डाड-वाइज या उन्हाळी संशोधनवृत्तीचे काय झाले? तिकडच्या प्राध्यापकांचे निमंत्रण आधी मिळवावे लागते, ते तिने स्वतः पत्र लिहून मिळवले असणार याची मला खात्री आहे. वहिनींना नमस्कार सांग. तुझ्या नव्या उपकरणाबद्दल सविस्तर लिही, ते कुणी मोडले तेही कळव.

तुझा,
अनंत

ता. क. सोबतच्या पत्रातली सर्वनामे मी तीन वेळा तपासली आहेत. तरी तूही एकदा तपास.